‘झाचोत’पुरता इतिहास : बिश्केक-ओशला डॉक्टर व्हायला गेलेल्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र

मुलांनो,

मी तुमच्यातल्याच एकीचा मामा. चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, आता घरी असतो. गेल्या उन्हाळ्यात भाची बिश्केकहून आली तेव्हा तिच्या बॅगेत अ‍ॅनाटॉमीच्या दोन ठोकळ्यांमध्ये दबलेला, स्टेपल मारलेला एक गठ्ठा निघाला. वर ‘हिस्टरी ऑफ किर्गिझस्तान’. आत चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस तयार उत्तरं. “टाकून दे मामा, झाचोत झाला तो,” ती म्हणाली. (झाचोत म्हणजे पास की नापास एवढीच नोंद होणारी परीक्षा. तुम्हाला हे सांगायला नको, तुमच्या आईवडिलांसाठी सांगतो.) आमच्या घरात असा गठ्ठा रद्दीत जात नाही. मी तो दोन रात्री वाचला. मग त्याच्या आसपासचं हाताला लागेल ते वाचत गेलो, आणि वर्षभराने हे पत्र लिहायला बसलो.

खरं तर वाचायची गरज त्याआधीच वाटली होती. 2024 च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा आपल्या दूतावासाने तुम्हाला खोलीबाहेर पडू नका म्हणून सांगितलं आणि आम्ही इथे फोन धरून बसलो. त्या रात्री ताईने मला विचारलं, “तू इतिहासाचा ना? मग ही माणसं आहेत तरी कोण?” मला सांगता आलं नाही. चेंगीझखान, रेशीम मार्ग आणि आयत्मातोव्हच्या गोष्टी यापलीकडे माझी गाडी जाईना.

त्या चाळीस उत्तरांबद्दल मला एवढंच सांगायचंय की ती उत्तरं वाटतात तितकी जुनी नाहीत. त्यातली निदान दहा गेल्या शंभर वर्षांत दोन-दोन, तीन-तीनदा बदललेली आहेत. तुम्ही ज्या एजेंच्या (एजे म्हणजे तिकडची थोरली ताई) घरात भाड्याने राहता, त्यांनी शाळेत याच प्रश्नांची वेगळी उत्तरं लिहून पूर्ण मार्क मिळवले असणार. आणि यातली काही उत्तरं पहिल्यांदा मांडणाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तुमच्या गठ्ठ्यात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

नोव्हेंबरातल्या तुमच्या दोन सुट्ट्यांपासून सुरुवात करतो. 7 आणि 8 नोव्हेंबर. तुम्ही त्या दिवशी झोप काढता. कॅलेंडरवर त्या दिवसांचं नाव आहे ‘इतिहासाचे आणि पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस’. हे नाव 2017 चं, राष्ट्राध्यक्ष आतंबायेव्ह यांच्या काळातलं. त्याआधी 7 नोव्हेंबर हा ऑक्टोबर क्रांतीचा दिवस होता. सोव्हिएत संघ बुडून पाव शतक झालं तरी तो तिथे पाळला जात होता. सुट्टी तीच ठेवून तिच्या दारावरची पाटी बदलली. पण पाटी बदलणाऱ्यांनी तारीख आंधळेपणाने निवडलेली नाही. 1924 साली 7 नोव्हेंबरलाच ‘एर्किन-तो’ हे पहिलं किर्गिझ वर्तमानपत्र निघालं. आणि 1938 साली 5 ते 8 नोव्हेंबर या चार दिवसांत बिश्केकबाहेर (तेव्हाचं फ्रुंझे) त्या वर्तमानपत्राच्या पिढीतली कित्येक माणसं मारून टाकली गेली. त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ.

किर्गिझ लोकांचा इतिहास त्यांनी स्वतः छापायला सुरुवात केली ती सोव्हिएत येण्याच्या आधी. उस्मानअली सिदिकोव्ह नावाच्या गृहस्थांनी 1913 आणि 1914 साली दूर उफा शहरात दोन छोटी पुस्तकं छापून घेतली, अरबी लिपीत. दुसऱ्याच्या नावातच त्या काळचे मातब्बर सरदार शाबदान बातीर गुंफलेले आहेत, कारण खर्च त्यांच्या घराण्याचा. आपल्याकडची बखर आठवा. ज्याच्या दारी लिहायची, त्याचं कौतुक ठरलेलं. तरी बखर म्हणून ती टाकाऊ होत नाही. त्या पुस्तकांचा कच्चा माल होता ‘संजिरा’, म्हणजे तोंडी चालत आलेली वंशावळ. किर्गिझ माणसाला आपल्या सात पिढ्यांची नावं यायला हवीत, त्याला ते ‘जेती आता’ म्हणतात, सात बाप. आमच्या बाजूला हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथे प्रत्येकाने स्वतःचा हेळवी व्हायचं असतं.

नंतर बेलेक सोल्तोनोयेव्ह. हा माणूस गावोगाव फिरून संजिरा, लढाया, भांडणं, करार टिपत राहिला आणि त्यातून त्याने किर्गिझांचा मोठा इतिहास लिहिला. काळाचं वारं ओळखून नावात ‘लाल’ हा शब्दही घातला. उपयोग झाला नाही. 1938 मध्ये त्यालाही संपवलं. हस्तलिखित मात्र राहिलं आणि पुस्तक होऊन लोकांच्या हाती आलं ते थेट स्वातंत्र्यानंतर. मधली पन्नासहून अधिक वर्षं किर्गिझांनी लिहिलेला किर्गिझांचा सर्वांत भरीव इतिहास किर्गिझांना वाचायला मिळत नव्हता.

समजा मिळाला असता, तरी वाचता आला असता का? 1920 च्या दशकाअखेर अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, 1940 च्या सुमारास लॅटिन जाऊन सिरिलिक. पंधराएक वर्षांत तीन लिप्या. आजोबांची वही नातवाला परकी. मोडी गेल्यावर आपल्याकडे घराघरातल्या दफ्तरांचं काय झालं ते मी पाहिलंय. वाळवी लागली, बंबात गेली. तिथे एकाच आयुष्यात तसं दोनदा झालं, आणि वर अरबी लिपीतला कागद घरात सापडणं हेच एखाद्या वर्षी धोक्याचं.

आता ते चार दिवस. शहराच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर चोन-ताश गावाजवळ विटांची एक जुनी भट्टी होती. तिच्यात 137 जणांचे मृतदेह टाकले. सरकारचे माजी प्रमुख, मंत्री, भाषातज्ज्ञ, शिक्षक. किर्गिझ व्याकरणाचा पाया घालणारे कासिम तिनिस्तानोव्ह त्यात होते. युसुप अब्द्राख्मानोव्ह त्यात होते. प्रजासत्ताकाच्या सरकारचे प्रमुख असताना त्यांनी 1933 मध्ये उपासमारीच्या तोंडावर धान्य बाहेर पाठवायला हात आखडता घेतला आणि खुर्ची गमावली. लेखक चिंगीझ आयत्मातोव्हचे वडील तोरोकुल त्यात होते. या जागेची माहिती एका राखणदाराला होती. त्याने मरताना ती मुलीला सांगितली, आणि मुलगी ती पोटात ठेवून सोव्हिएत सत्ता ढिली होण्याची वाट पाहत राहिली. 1991 मध्ये उकरलं तेव्हा एका खिशात गोळीने भोक पडलेला आरोपपत्राचा कागद सापडला, त्यावर तोरोकुल आयत्मातोव्हचं नाव. 30 ऑगस्ट 1991 ला ते अवशेष पुन्हा विधिवत पुरले. दुसऱ्या दिवशी देश स्वतंत्र झाला. त्या जागेला नाव दिलं ‘अता-बेयित’, बापांची कबर. 2008 मध्ये चिंगीझ आयत्मातोव्हलाही तिथेच, बापाजवळ ठेवलं.

माझ्या भाचीने अता-बेयित पाहिलेलं नाही. तिने अला-आर्चाच्या दरीत तीनदा सहल केली आहे. मी रागावलो नाही, पण बोललो.

1938 नंतर इतिहास लिहायचं काम व्यक्तींकडून संस्थेकडे गेलं. त्या संस्थेशी तुमचं एक नातं आहे. इसा अखुनबायेव्ह हे नाव बिश्केकच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला नवं नाही, तुमच्यातल्या काहींच्या कॉलेजच्या पाटीवरच ते आहे. हे मोठे शल्यविशारद. 1954 मध्ये किर्गिझ विज्ञान अकादमी उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच. त्या अकादमीच्या छत्राखाली इतिहासाची संस्था होती आणि प्रजासत्ताकाचा अधिकृत इतिहास तिच्याकडून येई: 1956 ची आवृत्ती, 1963 ची, 1968 ची, आणि 1984 पासून अनेक खंडांची. माहिती दर वेळी वाढायची. पण आवृत्ती बदलायचं कारण बहुतेकदा नवा पुरावा नसायचा, मॉस्कोत बदललेली भाषा असायची.

तुमच्या गठ्ठ्यातला ‘किर्गिझस्तान रशियात कसा आला’ हा प्रश्न घ्या. 1920 च्या दशकातलं उत्तर होतं: झारशाहीने गिळला, वसाहतवाद म्हणजे निव्वळ अनिष्ट. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर झालं: अनिष्टच, पण कोकंदच्या खानापेक्षा किंवा इंग्रजांपेक्षा कमी अनिष्ट. 1950 च्या दशकात अनिष्ट हा शब्दच गळाला आणि ‘स्वेच्छेने सामील’ आलं. 1963 मध्ये या स्वेच्छेची शताब्दी थाटात साजरी झाली. घटना त्याच. 1855 मध्ये इसिक-कुल भागातल्या बुगू जमातीने रशियाशी निष्ठेची शपथ घेतली, कारण त्यांचं शेजारच्या सारिबागिश जमातीशी आणि ओर्मोन खानाशी हाडवैर होतं. 1860 आणि 1862 मध्ये रशियन तोफांनी पिश्पेकचा कोकंदी किल्ला पाडला. त्याच जागी तुमचं बिश्केक आहे. 1876 मध्ये कोकंदची खानशाही बुडाली आणि दक्षिणेच्या कुर्मानजान दात्का यांनी लढून काही हाती लागणार नाही हे ओळखून तह केला. पन्नास सोमच्या (सोम हे तिथलं चलन) नोटेवर आहेत त्याच. 1895 मध्ये त्यांच्या मुलाला रशियनांनी ओशमध्ये फाशी दिलं. आता सांगा, हे स्वेच्छेने की जबरीने? एकाने शपथ घेतली, एकावर तोफ चालली, एकीने तह केला. एका शब्दात उत्तर मागणारा प्रश्नच चुकलेला आहे, पण चार दशकं पेपर तोच होता.

मनास महाकाव्याचंही असंच. सायाकबाय करालायेव्ह या मनासचीने, म्हणजे मनास गाणाऱ्याने, म्हटलेल्या पाठात पाच लाखांवर ओळी आहेत; पाचशेच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. पुरातत्त्वज्ञ बेर्नश्ताम याने चुय आणि तलासच्या खोऱ्यांत खूप खोदकाम केलं, आणि मनासमागचा खरा माणूस नवव्या शतकातला, किर्गिझांनी उइघुर साम्राज्य मोडलं त्या 840 च्या सुमाराचा असावा असं मांडलं. त्यावरून 1947 मध्ये महाकाव्याची 1100 वर्षं साजरी करायचं घाटत होतं. ते रद्द झालं. हवा पालटली. बेर्नश्तामवर टीकेची झोड उठली. 1950 मध्ये ताशिम बायजियेव्ह, समान्चिन, बेक्तेनोव्ह या अभ्यासकांना अटक झाली. बायजियेव्ह छावणीतच 1952 मध्ये गेले. त्याच वर्षी जून महिन्यात फ्रुंझेत एक परिषद भरली. विषय काय, तर मनास हे जनतेचं काव्य आहे की सरंजामदारांचं. काव्य थोडक्यात बचावलं. पुढे 1995 मध्ये स्वतंत्र किर्गिझस्तानने संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने ‘मनास 1000’ साजरं केलं. म्हणजे 1947 मध्ये जो 1100 वर्षांचा होता, तो अठ्ठेचाळीस वर्षांनी 1000 वर्षांचा झाला. महाकाव्याला वय नसतं. सरकारला मात्र वाढदिवस हवा असतो.

सगळं त्या काळातलं वाईटच होतं असं मला म्हणायचं नाही. 1956 मध्ये फ्रुंझेत किर्गिझ लोक मुळात आले कुठून या एकाच प्रश्नावर मोठं अधिवेशन झालं: सायबेरियातल्या येनिसेय नदीवरून, की तियेन-शानमध्ये आधीपासून असलेल्या टोळ्यांतून, की दोन्हींच्या सरमिसळीतून. तिथली भाषणं आजही लोक उघडून बघतात. अब्राम्झोन नावाचा लेनिनग्राडचा मानववंशशास्त्रज्ञ तर दशकानुदशकं किर्गिझ तंबूंतून राहिला. 1971 मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, त्यात जमाती, शाखा, नाती, विधी असं सगळं. आणि त्याच्यावर फ्रुंझेतूनच टीका झाली, की समाजवादी राष्ट्राच्या लोकांना हा जमातींत मोडतो. तेच पुस्तक 1990 मध्ये फ्रुंझेतच पुन्हा छापलं आणि आज प्रत्येक संजिरावाला त्याचा हवाला देतो.

आता ‘उर्कुन’. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

1916 च्या उन्हाळ्यात झार निकोलाय दुसरा याने फर्मान काढलं, की मध्य आशियातल्या 19 ते 43 वयाच्या पुरुषांनी महायुद्धाच्या आघाडीमागे मजुरी करायला यावं. जमिनी आधीच रशियन वसाहतकऱ्यांना गेलेल्या. उठाव झाला. इसिक-कुलच्या काठच्या वसाहतींवर किर्गिझांनी हल्ले केले, त्यात बायकामुलंही मेली. मग सैन्य आणि हत्यारबंद वसाहतकरी उतरले, गावंच्या गावं कापली, आणि लोक गुरंढोरं घेऊन चीनकडे पळत सुटले, बेदेलसारख्या चार हजार मीटरांवरच्या घाटांतून, बर्फात. उर्कुन म्हणजे हीच पळापळ. किती मेले? काही दहा हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत आकडे लिहिले गेले आहेत.

पहिल्या वीस वर्षांत यावर बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहिलं गेलं, कारण झारशाहीला शिव्या देणं तेव्हा सत्तेच्या सोयीचं होतं. तुरार रिस्कुलोव्ह या कझाक बोल्शेविक नेत्याने तो वसाहतविरोधी उठाव म्हणून मांडला. 1938 मध्ये तोही मारला गेला. मग शब्द जपून वापरायचे दिवस आले. 1954 मध्ये ताश्कंदला विद्वानांची बैठक बसली, तिथे ठरलं की उठाव एकूण पुरोगामी, पण काही ठिकाणी प्रतिगामी. रशियन शेतकऱ्याने किर्गिझ शेतकऱ्याला मारलं, हे ‘लोकांच्या मैत्री’च्या चौकटीत बसत नव्हतं, म्हणून दोष झाराचा, सरदारांचा, मुल्लांचा. चीनच्या वाटेवरची प्रेतं पुस्तकातून वगळली गेली. घरात मात्र ती होती. आजी सांगायची, हळू आवाजात.

1991 मध्ये अब्द्राख्मानोव्हची डायरी आणि त्याने स्टालिनला लिहिलेली पत्रं छापून आली, त्या पुस्तकाच्या नावातच ‘1916’ आहे. तो पोरवयात या पळापळीतून गेलेला होता. मग दारं उघडली. 2016 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा अता-बेयितला स्मारक उभं राहिलं. एका नागरी आयोगाने याला वंशसंहार म्हणा असं सांगितलं. सरकारने तो शब्द वापरला नाही. रशियात लाखो किर्गिझ मजुरी करतात, त्यांच्या पैशावर घरं चालतात, आणि शब्दाची किंमत कोणाला मोजावी लागेल हे सरकारला माहीत आहे. मला स्वतःला आयोगाचा शब्द घाईचा वाटतो. पण सरकारचं मौन हे अभ्यासातून आलेलं नाही, हेही स्पष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वीही या घटनेचं नाव इतिहासकार ठरवत नव्हते आणि आजही पूर्णपणे ठरवत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं दशक अस्कर अकायेव्ह यांचं. हे प्रकाशशास्त्रातले भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांना वर्धापनदिनांचं भारी वेड. एका बाजूला त्यांच्यापुढे अडचणही होती. उझबेकिस्तानने तैमूर उचलला, ताजिकिस्तानने सामानी घराणं उचललं आणि 1999 मध्ये त्याची 1100 वर्षं साजरी केली. किर्गिझांकडे राजवाडे नव्हते, तंबू होते. म्हणून 1995 मध्ये मनास 1000, त्याच्या सात उपदेशांचे तक्ते शाळाशाळांत. 2000 मध्ये ओश 3000. आणि 2003 मध्ये ‘किर्गिझ राज्यसंस्थेची 2200 वर्षं’, तीही संयुक्त राष्ट्रांकडून वर्ष जाहीर करून घेऊन. हा 2200 चा आकडा तुमच्या गठ्ठ्यातही पहिल्याच पानावर आहे. तो येतो कुठून ते बघा. चिनी इतिहासकार सिमा छियेन याने लिहिलंय की इ.स.पू. 201 च्या सुमारास ह्युंगनू राजा मोदुन याने उत्तरेकडची पाच राज्यं जिंकली, त्यात एक ‘गेकुन’. गेकुन म्हणजे किर्गिझ, हे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आधार आहे, खोटं नाही. पण त्या वाक्यात किर्गिझ येतात ते हरलेले म्हणून, आणि ‘राज्य’ हा शब्द पाचही नावांना मिळून एकदाच लागलेला आहे. हरल्याच्या नोंदीवरून राज्याची जयंती धरायची, याला धाडस लागतं. आणि मधली जवळपास एक हजार वर्षं, विशेषतः दहाव्या शतकानंतरची, जिथे किर्गिझ राज्य असं दाखवता येत नाही, ती या आकड्याखाली आपसूक झाकली जातात.

अकायेव्ह 2005 मध्ये सत्तेवरून गेले, त्यांच्यानंतरचे बाकियेव्ह 2010 मध्ये. अला-तो चौकातल्या इतिहास संग्रहालयासमोर बघा. तिथे लेनिन होता. 2003 मध्ये त्याला संग्रहालयाच्या मागे नेलं आणि पंखांची स्वातंत्र्यदेवी, एर्किंदिक, आणली. 2011 मध्ये ती हटवून घोड्यावरचा मनास आणला. आठ वर्षांत एका चौकात तीन इतिहास. संग्रहालयही मुळात लेनिन संग्रहालय. ओशचा मोठा लेनिन मात्र 2025 च्या जूनपर्यंत उभा होता. ओशवाल्यांनो, तुमच्यापैकी काहींनी तो उतरवताना पाहिला असेल.

सरकारी इतिहासाच्या शेजारी एक खासगी पीक आलं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. 1990 च्या दशकात अकादमीच्या पगारात भागेना, पण छापखाने खुले झाले. मग ज्याला-त्याला आपल्या ‘उरू’चा, जमातीचा संजिरा छापावासा वाटला. प्रत्येक जमातीला एक बातीर, म्हणजे शूरवीर, हवा, प्रत्येक बातीराला पुस्तक, जमलं तर पुतळा, आणि पुतळ्याला वंशजांची वर्गणी. शाबदान रशियनांचा मित्र होता की आपल्या माणसांचा रखवालदार, यावर अजून भांडणं होतात, आणि गंमत म्हणजे त्याचेच मुलगे 1916 च्या उठावात पुढे होते. या पुस्तकांत भर आहे ती पुरुषांची आणि जिंकलेल्यांची. आपल्याकडे सरंजामी घराण्यांचे इतिहास छापले जातात, त्यांतली हातचलाखी ओळखायला मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. तिथेही तीच ओळखीची वाटली. तरी ही पुस्तकं फेकू नयेत. आजीच्या हळू आवाजातलं बरंच काही फक्त तिथेच उतरलंय.

आता गठ्ठ्याच्या नावाबद्दल. ‘किर्गिझांचा इतिहास’ आणि ‘किर्गिझस्तानचा इतिहास’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला धरला तर येनिसेयला जावं लागतं, सायबेरियात. दुसरा धरला तर या भूमीवरचे शक, उसुन, सोग्दी व्यापारी, काराखानी सुलतान, दुंगान, रशियन, उझबेक, सगळेच आत येतात. तिथली बरीच पाठ्यपुस्तकं दोन्ही नावं जोडून वापरतात आणि प्रश्न तसाच सोडतात. तोकमोकजवळच्या बुराना मनोऱ्याखाली तुम्ही सगळ्यांनी फोटो काढले असणार. ते बालासागुन, काराखान्यांचं शहर. जवळच अक-बेशिम म्हणजे सुयाब, जिथे बौद्ध मंदिरांचे अवशेष निघाले. 2014 पासून दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हजारच्या नोटेवरचा युसुप बालासागुनी अकराव्या शतकात तुर्की भाषेत लिहीत होता, पण त्याला किर्गिझ म्हणायला आधार नाही. तो त्या मातीचा, म्हणून नोटेवर. मला हे आवडलं. नोट छापणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकवाल्यांपेक्षा मन मोठं ठेवलं.

पण हे मन ओशला पोचताना थकतं. 2010 च्या जूनमध्ये तिथे किर्गिझ आणि उझबेक यांच्यात दंगल झाली, सुमारे 470 माणसं मेली, त्यात बहुसंख्य उझबेक. फिनलंडचे किल्युनेन यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अहवाल दिला, तर संसदेने त्यांनाच देशात यायला बंदी घातली. ओशला राहणाऱ्यांनी हा विषय कुणाच्या घरात आपण होऊन काढू नये. निघालाच तर फक्त ऐकावं.

आणि कागदपत्रं? 1930 च्या दशकातल्या खटल्यांच्या फायली मुख्यतः सुरक्षा खात्याच्या ताब्यात आहेत, अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. बिश्केकमध्ये ‘एसिमदे’ नावाने काही तरुण अभ्यासक एकत्र आले आहेत. एसिमदे म्हणजे ‘मला आठवतंय’. आठवणी गोळा करणं, फायली उघडा म्हणून मागे लागणं, हे ते करतात. माझ्या पाहण्यात सरकारी जयंत्यांपेक्षा त्यांच्याकडून जास्त काही आलंय. ओरखडा उठतो तो अशा कामाने.

तुमच्याकडून मला मोठं काही नको. अ‍ॅनाटॉमी, फार्मा, एफएमजीई (परदेशात शिकलेल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा), ओत्राबोत्का (बुडलेल्या तासांची भरपाई) यांतून तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो, ठाऊक आहे. वॉर्डात पेशंटची हिस्टरी घेताना कोण सांगतंय, कधीपासूनचं सांगतंय, सोबत आलेला नातेवाईक मध्येच का बोलतोय हे बघायला तुम्हाला शिकवतात. तेवढंच त्या गठ्ठ्याला लावा. अता-बेयितला एकदा जा, मार्श्रुत्का, म्हणजे तिथली मिनीबस, नाही मिळाली तर चौघांत टॅक्सी करा. आणि तुमच्या एजेंना एका संध्याकाळी चहा पिताना विचारा, की शाळेत 1916 बद्दल काय शिकवलं होतं आणि घरी काय सांगितलं होतं. किर्गिझ येत नसेल तर मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारा, त्या समजून घेतील.

माझ्या भाचीच्या गठ्ठ्यात सव्विसावा प्रश्न उर्कुनचा आहे. उत्तरात मेलेल्यांचा एकच आकडा दिलाय, ‘सुमारे’सुद्धा न म्हणता, आणि तो कुठून आणला ते नाही. ओशच्या एका मुलाने तिला पाठवलेल्या नोट्समध्ये त्याच प्रश्नाला वेगळा आकडा आहे. तुमच्या नोट्समध्ये कोणता आहे तेवढं मला कळवा, जमलं तर पहिल्या पानावरच्या छपाईच्या सालासकट. मी वहीत रकाने आखून ठेवले आहेत.

तुमच्यातल्या एकीचा मामा